हॅकिंग आणि सायबर दहशतवाद: सरकार काय करतं, आपण कुठे जायचं? सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

सोलापुरात मोबाईल हॅक झाला की पहिली धाव असते मोबाईलच्या दुकानात, आणि कारखान्यातला सर्व्हर बंद पडला की ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याकडे. दोघंही मदत करायची म्हणून सगळ्यात आधी फॉरमॅट मारतात. पुरावा तिथेच संपतो. पुढे पोलिसांनी कितीही जीव लावला तरी हाती काही लागत नाही. म्हणून कोणाला, किती वेळात आणि कोणत्या माहितीनिशी कळवायचं, आणि कळवल्यावर सरकारी यंत्रणा नेमकं काय हलवते, एवढंच इथे पाहायचं आहे.

खात्यातून पैसे गेलेत. आधी बँकेत जाऊ की पोलीस ठाण्यात?

आधी १९३० ला फोन. बँक आणि पोलीस ठाणं त्यानंतर. फोन लागत नसेल तर वाट पाहत बसू नका. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर आर्थिक फसवणुकीच्या भागात तक्रार टाका. दोन्हीकडची माहिती शेवटी एकाच यंत्रणेत जाते. केंद्रीय गृहखात्याच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने २०२१ मध्ये ही यंत्रणा सुरू केली.

फोन करताना समोर पाच गोष्टी असू द्या: बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, व्यवहाराची नेमकी वेळ आणि यूटीआर क्रमांक, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक. सगळं या शेवटच्या क्रमांकावर अडतं. अ‍ॅपमध्ये मोठ्या अक्षरात दिसणारा ट्रान्झॅक्शन आयडी बऱ्याचदा त्या अ‍ॅपचा स्वतःचा असतो आणि बँकेला त्यावरून काही सापडत नाही. यूपीआय आणि आयएमपीएस व्यवहाराला १२ आकडी संदर्भ क्रमांक असतो. एनईएफटीचा यूटीआर १६ अक्षरांचा आणि आरटीजीएसचा २२ अक्षरांचा असतो. घाबरलेल्या माणसाकडून एक आकडा चुकतो आणि तक्रार भलत्याच व्यवहाराला जाऊन चिकटते. म्हणून तो क्रमांक आधी कागदावर उतरवा, दोनदा ताडून पाहा आणि मगच सांगा.

फोन ठेवल्यावर एसएमएसने पावती क्रमांक येतो. तो जपून ठेवा आणि पोर्टलवर स्क्रीनशॉट, बँकेचं स्टेटमेंट जोडून तक्रार पूर्ण करा. फोन झाला म्हणजे तक्रार झाली असं समजून बरेच जण इथेच थांबतात.

१९३० ला कळवल्यावर नक्की काय होतं? पोलीस पैसे पकडतात का?

पकडते बँक, पोलिसांच्या सांगण्यावरून. समजा, दुपारी २ वाजून १० मिनिटांनी तुमच्या खात्यातून ८०,००० रुपये गेले. २:१४ ला ते पहिल्या भाड्याच्या, म्हणजे फसवणुकीसाठी दुसऱ्याकडून वापरायला घेतलेल्या, खात्यातून तीन वेगवेगळ्या खात्यांत पांगले. २:३० ला त्यातल्या एका खात्यातून एटीएमवर रोख निघाली. तुम्ही २:२० ला तक्रार नोंदवलीत तर तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, पहिल्या बँकेकडे जातं. ती सांगते, पैसे पुढे गेले, हे घ्या तीन क्रमांक. लगेच त्या तीन बँकांना तिकिटं जातात. जिथे शिल्लक सापडेल तिथे तेवढ्या रकमेवर होल्ड लागतो. रोख निघाली असेल तर तशी नोंद होते आणि ती वाट तिथेच बंद होते.

ही पैशांच्या मागे लावलेली पळापळ आहे. तुम्ही तक्रार केव्हा केलीत यावर निकाल ठरतो. संध्याकाळी मुलगा कामावरून आल्यावर बघू म्हणणाऱ्याच्या वाट्याला बहुधा ‘रक्कम काढली गेली’ एवढा शेरा येतो.

होल्ड लागला म्हणजे पैसे परत आले, असं नाही. अडवलेली रक्कम मिळवण्याचा नेहमीचा मार्ग न्यायालयात अर्ज करून आदेश घेण्याचा आहे. त्यासाठी पावती क्रमांक, कोणत्या बँकेत किती रक्कम अडली त्याचा तपशील आणि तपास अधिकाऱ्याचा अहवाल लागतो. हा तपशील सायबर पोलीस ठाण्यातून मिळतो, पण मागितल्याशिवाय तो घरी चालत येत नाही.

नुकसान बँकेने भरून द्यायचं असतं ना?

कधी द्यायचं आणि कधी नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात लिहिलं आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठीही तसेच आदेश निघाले. सोलापूरसारख्या सहकारी बँकांच्या शहरात हा दुसरा कागद जास्त कामाचा.

चूक बँकेची असेल तर ग्राहकावर शून्य भार. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, मधल्या कुठल्यातरी यंत्रणेत गडबड झाली, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तरीही शून्य भार. चार ते सात दिवसांत कळवलंत तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० आणि मूलभूत बचत खात्याला ५,००० रुपयांपर्यंतचा भार तुमचा. त्यानंतर बँकेच्या स्वतःच्या धोरणाप्रमाणे. तक्रार आल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने वादग्रस्त रक्कम खात्यात तात्पुरती दाखवायची आणि नव्वद दिवसांत निकाल द्यायचा, असा नियम आहे. चूक ग्राहकाची होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे.

ओटीपी किंवा पिन तुम्हीच सांगितला असेल तर मात्र कळवण्याआधीचं नुकसान तुमचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे ओटीपी दिल्यावरही ताबडतोब कळवण्यात अर्थ आहे. शरमेपोटी दोन दिवस गप्प बसलात तर हा उरलेला आधारही जातो.

बँकेकडे तक्रार तोंडी करू नका. लेखी द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला फी नाही.

माझं घर जुळे सोलापुरात, खातं बार्शीच्या शाखेत. ठाणं कोणतं?

शहराची हद्द पोलीस आयुक्तालयाची आणि बाकी जिल्हा पोलीस अधीक्षकांचा, म्हणजे सोलापूर ग्रामीणचा. दोन्हीकडे सायबर पोलीस ठाणी आहेत. राहता त्या हद्दीत जा. हद्दीच्या कारणावरून परत पाठवलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा: गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. ऑनलाइन दिलेल्या माहितीवर तीन दिवसांत सही करावी लागते, तेवढं विसरू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारीच करू शकतो. त्यामुळे साहेब बाहेर आहेत म्हणून थांबावं लागलं तर त्यामागे कधीकधी हे खरं कारण असतं.

मी कांद्याचा व्यापारी. परराज्यातल्या पोलिसांनी माझं खातं गोठवलं. मी तर कोणाला फसवलं नाही.

मार्केट यार्डात हा प्रश्न नवा नाही. माल बाहेर जातो, पैसे अनोळखी खात्यातून येतात, आणि ते खातं कुठल्यातरी फसवणुकीच्या साखळीत दुसऱ्या-तिसऱ्या कडीवर निघतं. तक्रारदार दुसऱ्या राज्यातला, ठाणं तिथलं आणि खातं तुमचं.

बँकेच्या व्यवस्थापकाशी भांडून उपयोग नाही, त्याच्या हातात फक्त आदेश आला आहे. त्याच्याकडून लेखी घ्या: पावती क्रमांक, ठाण्याचं नाव, तपास अधिकाऱ्याचा अधिकृत ईमेल आणि वादग्रस्त रक्कम किती. मग त्या अधिकाऱ्याला कागद पाठवा: त्या व्यवहाराची पट्टी किंवा बिल, गाडीची बिल्टी, ई-वे बिल असेल तर ते, खरेदीदाराशी झालेलं बोलणं आणि खात्याचा सहा महिन्यांचा उतारा. मागणी एका वाक्यात करा: वादग्रस्त रकमेवर होल्ड ठेवून उरलेलं खातं मोकळं करावं. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हीच भूमिका घेतली होती, होल्ड संशयित रकमेपुरता असावा अशी. पोलिसांनी जप्तीची माहिती विनाविलंब दंडाधिकाऱ्यांना कळवायची असते, हे संहितेच्या कलम १०६ मध्येच आहे. ईमेलला उत्तर नाही आलं तर त्या ठाण्याच्या हद्दीतल्या दंडाधिकाऱ्यांकडे वकिलामार्फत अर्ज करावा लागतो. यात प्रवास आणि खर्च दोन्ही आहे. निर्दोष माणसाला तो पडतो, ही या व्यवस्थेतली खरोखरची खोट आहे.

खबरदारी एवढीच की बिल ज्याच्या नावाचं, पैसे त्याच्याच खात्यातून घ्या. ‘भावाच्या खात्यातून टाकतो’ म्हणाला तर नको म्हणा. आणि कॉलेजच्या पोरांना कोणी महिना पाच-दहा हजारांवर खातं आणि एटीएम कार्ड वापरायला मागत असेल तर ती कमाई नव्हे. गुन्ह्यात पहिलं नाव खातेदाराचं येतं.

टॉवेलच्या कारखान्यात सकाळी टॅली उघडेना. फायलींची नावं बदललीत आणि पैसे मागणारी चिठ्ठी आली आहे.

हा रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर. पहिल्या दहा मिनिटांत नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा, पण मशीन बंद करू नका. फायली ज्या किल्लीने कुलूपबंद झाल्या तिचे अंश कधीकधी मेमरीत शिल्लक असतात, मशीन बंद झालं की ते पुसले जातात. नेटवर्क तोडता येतच नसेल आणि डोळ्यांसमोर आणखी फायली जात असतील, तरच वीज तोडा. बॅकअपची डिस्क जोडलेली असेल तर ती आधी काढा. चिठ्ठीचे आणि फायलींच्या नावांपुढे लागलेल्या नव्या शेपटांचे मोबाईलने फोटो घ्या. दुसऱ्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्ह लावून बघू, हा उद्योग नको.

मग नोंदी वाचवा. विंडोजच्या सुरक्षा लॉगचा मूळ आकार जेमतेम २० एमबी असतो. बाहेरून कोणी पासवर्डचा मारा करत असेल तर जुन्या नोंदी झपाट्याने पुसत जातात. इव्हेंट क्रमांक ४६२५ म्हणजे फसलेला लॉगिन आणि ४६२४ म्हणजे यशस्वी. रात्री अडीच वाजता हजारो ४६२५ आणि मग एक ४६२४ दिसला, की चोर कोणत्या दारातून आला ते कळलं. ही लॉग फाइल वेगळी काढून ठेवा. राउटर रिस्टार्ट करू नका, साध्या राउटरच्या नोंदी तेवढ्यानेच जातात.

दार बहुधा एकच असतं. अकाउंटंटला घरून काम करता यावं म्हणून आरडीपीचं, म्हणजे दुरून संगणक चालवण्याच्या सोयीचं, ३३८९ नंबरचं पोर्ट थेट इंटरनेटवर उघडं ठेवलेलं, आणि पासवर्ड कंपनीचं नाव नि १२३. त्यात चोरीचं सॉफ्टवेअर आणि कायम जोडून ठेवलेली बॅकअप डिस्क, म्हणजे कुलपं दोन्हीकडे एकदमच पडतात. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, आणि एक प्रत कारखान्याबाहेर. दर शनिवारी काढून घरी नेलेली दोन हजारांची डिस्क इथे कामाला येते.

युरोपोल आणि डच पोलिसांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या मोफत संकेतस्थळावर काही जुन्या प्रकारांच्या किल्ल्या मिळतात. फाइल तिथे तपासून घ्या. लगेच मिळाली नाही तरी कुलूपबंद डेटाची एक प्रत जपून ठेवा, किल्ल्या पुढेमागे बाहेर येतात.

हे सरकारला कळवणं बंधनकारक आहे का?

आहे, आणि सहा तासांत. सर्ट-इन, म्हणजे संगणक सुरक्षेच्या घटना हाताळणारी केंद्राची संस्था. तिने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या आदेशाप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवायचं असतं. सरकारी कार्यालयं, कंपन्या, डेटा सेंटर, सेवा पुरवठादार सगळे यात येतात. त्याच आदेशात १८० दिवसांच्या नोंदी ठेवणं आणि यंत्रांची घड्याळं सरकारी वेळेच्या सर्व्हरशी जुळवणं हेही आहे.

सहा तासांत पूर्ण तपास कोणी मागत नाही. काय झालं, केव्हा दिसलं, कोणत्या यंत्रांवर, संपर्काला कोण, एवढं पाठवा. टोल फ्री क्रमांक १८००-११-४९४९. बाकीचं नंतर जोडता येतं. वकिलाला, विमा कंपनीला आणि मोठ्या गिऱ्हाईकाला विचारण्यात दोन दिवस गेले, असं होऊ देऊ नका. आणि सर्ट-इनला कळवणं म्हणजे पोलिसांत तक्रार नव्हे. सर्ट-इन तांत्रिक मदत आणि इशारे देते, आरोपीला पकडत नाही. सायबर ठाण्यात वेगळी फिर्याद द्यावीच लागते.

घड्याळाच्या अटीला लोक हसतात. पण गेटवरच्या कॅमेऱ्याचा डीव्हीआर वीस मिनिटं पुढे आणि सर्व्हर सात मिनिटं मागे असेल तर कोण कधी आत होतं याचा ताळमेळ न्यायालयात लावता लावता दमछाक होते. फरक असेल तर जप्तीच्या पंचनाम्यात तो लिहून घ्या.

खंडणी दिली तर गुन्हा होतो का?

खंडणी देण्यावर थेट बंदी घालणारं कलम माहिती तंत्रज्ञान कायद्यात नाही. पण पैसे दहशतवादी गटाकडे जात आहेत हे माहीत असून दिले तर बेकायदा कृत्य प्रतिबंध कायदा लागतो. आमचं मत विचाराल तर देऊ नये. किल्ली मिळेलच याची हमी नसते, मिळाली तरी डेटाची प्रत चोराकडे राहते, आणि हे गिऱ्हाईक पैसे देतं ही खबर त्यांच्यात पसरते.

हॅकिंग कुठे संपतं आणि सायबर दहशतवाद कुठे सुरू होतो?

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ म्हणजे मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणं, डेटा काढणं, बिघाड करणं. यातून नुकसानभरपाईची जबाबदारी येते. तेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं की कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल ओळख वापरली तर ६६सी, तोतयेगिरी करून फसवलं तर ६६डी.

६६एफ हे कलम २००८ च्या दुरुस्तीने आलं आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झालं. त्यात शिक्षा जन्मठेपेपर्यंत आहे. त्याला दोन पाय लागतात. पहिला पाय हेतूचा: देशाची एकता, अखंडता, सुरक्षा किंवा सार्वभौमत्व धोक्यात आणायचं, नाहीतर लोकांत दहशत पसरवायची. दुसरा पाय परिणामाचा: त्या कृत्याने मृत्यू, इजा, मालमत्तेची हानी, जीवनावश्यक सेवा कोलमडणं किंवा देशाच्या महत्त्वाच्या माहिती यंत्रणेवर आघात झालेला असावा किंवा होण्याची शक्यता असावी. देशाच्या सुरक्षेसाठी गुप्त ठेवलेली माहिती अनधिकृतपणे मिळवणं हा याच कलमाचा दुसरा भाग.

म्हणजे टॅली कुलूपबंद करून पैसे मागणारा दहशतवादी ठरत नाही. तो ६६ आणि खंडणीच्या कलमांत जातो. शाळेला बॉम्बची खोटी धमकी पाठवणाऱ्यावर सहसा भारतीय न्याय संहितेतलं निनावी धमकीचं कलम लागतं. उलट दिशेचं उदाहरणही आहे. मुंबईच्या सत्र न्यायालयाने २०२२ मध्ये एका संगणक अभियंत्याला ६६एफ खाली जन्मठेप दिली. ते प्रकरण हॅकिंगचं नव्हतं, समाजमाध्यमांवरून हल्ल्याचा कट शिजवल्याचं होतं.

२०१९ च्या दुरुस्तीने ६६एफ राष्ट्रीय तपास संस्थेच्या अनुसूचीत गेलं. तेव्हापासून असा गुन्हा सोलापुरात नोंदला तरी तपास केंद्र एनआयएकडे देऊ शकतं.

आपल्याकडे एनटीपीसीचा वीज प्रकल्प आहे. तो कोणी हॅक केला तर?

होटगीजवळचा १३२० मेगावॉटचा हा प्रकल्प म्हणजे ६६० मेगावॉटचे दोन संच. अशा ठिकाणी कार्यालयाचं नेटवर्क वेगळं आणि बॉयलर-टर्बाइन चालवणारं नियंत्रण नेटवर्क वेगळं ठेवायचं असतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत हे विलगीकरण, सुरक्षेसाठी जबाबदार अधिकारी आणि पुरवठादारांची तपासणी सक्तीची आहे. औष्णिक विजेसाठी सर्ट-थर्मल नावाची वेगळी यंत्रणा आहे आणि तिची जबाबदारी एनटीपीसीकडेच आहे.

भिंत का लागते, ते २०१९ मध्ये कुडनकुलमला दिसलं. अणुऊर्जा महामंडळाने मान्य केलं की प्रशासकीय नेटवर्कवरच्या एका संगणकात मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) सापडलं, नियंत्रण यंत्रणा मात्र वेगळी असल्याने सुरक्षित राहिली.

एखादी यंत्रणा ‘संरक्षित’ म्हणून राजपत्रात जाहीर झाली की कलम ७० लागतं आणि तिच्यात शिरण्याचा नुसता प्रयत्नही दहा वर्षांपर्यंत नेऊ शकतो. त्यांची काळजी २०१४ पासून एनसीआयआयपीसी ही केंद्राची संस्था वाहते.

हल्ला झाला की नाही हेच ठरवणं सर्वांत कठीण. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली. पुढच्या मार्चमध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी महाराष्ट्र सायबर या राज्याच्या सायबर पोलीस यंत्रणेच्या अहवालाच्या आधारे मालवेअरचा संशय बोलून दाखवला, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं. लाईट गेली की लगेच ‘चीनने केलं’ असे मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

युद्धाच्या दिवसांत सरकारी वेबसाइटवर हल्ले होतात म्हणतात. त्यात किती तथ्य?

होतात, पण मोजणी समजून घ्या. मे २०२५ मध्ये भारत-पाक तणावाच्या काळात १५ लाखांवर हल्ले झाले आणि त्यातले फक्त दीडशेच्या आसपास यशस्वी झाले, असं महाराष्ट्र सायबरने जाहीर केलं. यात बहुतेक वेळा पानाचा चेहरा बदलणं किंवा खोट्या विनंत्यांच्या लोंढ्याने साइट गुदमरवणं असतं. मुख्यपानावर दुसऱ्या देशाचा झेंडा दिसला म्हणजे आतला डेटा गेलाच असं नाही. ग्रामपंचायतीची किंवा शाळेची साइट अशी बिघडली तर तिचा स्क्रीनशॉट घ्या, सर्व्हरचे लॉग उतरवून ठेवा, मग पान काढा. घाईघाईत जुनी प्रत परत चढवली तर ज्या भोकातून चोर आला ते तसंच राहतं आणि आठवड्यात पुन्हा तेच.

पोलीस मोबाईल किंवा हार्डडिस्क नेतात. परत कधी मिळते? पुरावा नीट राहतो का?

जप्तीचं दृकश्राव्य चित्रण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे सक्तीचं आहे. पंचनाम्यात मेक, मॉडेल, आयएमईआय किंवा सिरीयल नंबर आणि सीलचा उल्लेख आहे ना, ते वाचूनच सही करा. डिस्कची प्रत घेताना हॅश मूल्य काढतात. फाइलचा हा अंगठाच. एक स्वल्पविराम बदलला तरी हॅश पार बदलतं. ते मूल्य पंचनाम्यात असेल तर नंतर कोणी छेडछाड केली असं म्हणायला जागा उरत नाही.

तुम्ही दिलेले स्क्रीनशॉट न्यायालयात टिकवायचे तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा पहिला भाग यंत्र ज्याच्या ताब्यात तो भरतो, दुसरा भाग तज्ज्ञ. मूळ मोबाईल विकून टाकला आणि फक्त प्रिंट ठेवली, तर हे प्रमाणपत्र देणं अवघड होऊन बसतं.

परत मिळायला वेळ लागतो. प्रयोगशाळेत रांग असते. प्रत घेऊन झाली असेल तर न्यायालयात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे लागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, वस्तू मागता येते. धंद्याचा डेटा असेल तर अर्जात निदान त्याची प्रत मिळावी, अशी मागणी वेगळी लिहा.

पकडलेला माणूस दुसऱ्याच दिवशी सुटतो. कायदा कच्चा आहे का?

तीन वर्षांपर्यंत शिक्षेचे माहिती तंत्रज्ञान कायद्यातले गुन्हे कलम ७७बी प्रमाणे जामीनपात्र आहेत. ६६, ६६सी, ६६डी सगळे त्यात बसतात. म्हणून पोलीस जोडीला भारतीय न्याय संहितेतली फसवणूक, खंडणी, संघटित गुन्हेगारीची कलमं लावतात. फिर्याद लिहिताना टोळीचं काम, धमकी, खोटे दस्तऐवज यांचा तपशील सुटला तर ती कलमं लागायला आधार राहत नाही. ‘फोन आला आणि पैसे गेले’ एवढ्या दोन ओळींची फिर्याद देऊ नका.

हल्लेखोर परदेशात असेल तर?

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे भारतातल्या संगणकावर परदेशातून केलेला गुन्हाही आपल्याच कायद्यात येतो. कागदावर. प्रत्यक्षात परक्या देशातल्या सर्व्हरची माहिती परस्पर कायदेशीर सहकार्याच्या करारातून मागवावी लागते आणि त्यात महिनेच्या महिने जातात. सायबर गुन्ह्यांवरच्या २००१ च्या बुडापेस्ट कराराचा भारत सदस्य नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २४ डिसेंबर २०२४ ला सायबर गुन्ह्यांवरचा नवा करार मंजूर केला, पण त्याचा फायदा ठाण्यापर्यंत झिरपायला वेळ आहे. पुण्यातल्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी गेले तेव्हा बनावट कार्डांवर एकाच दिवसात अनेक देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. स्थानिक साथीदारांना शिक्षा झाली. सूत्रधार दूरच राहतो, म्हणून आधी पैशांच्या मागे लागायचं.

सरकार माझा फोन कधीही तपासू शकतं का?

कधीही नाही, आदेशाने. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली राज्यात गृहसचिव आणि केंद्रात केंद्रीय गृहसचिव आदेश देतात, कारण लिहून. आदेश ६० दिवसांचा आणि वाढवून जास्तीत जास्त १८० दिवसांचा. आढावा समिती त्याची तपासणी करते. केंद्राने डिसेंबर २०१८ मध्ये यासाठी दहा संस्थांची नावं जाहीर केली. आदेश असताना डेटा उघडून द्यायला नकार दिला तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. रस्त्यावर अडवून ‘मोबाईल उघड, व्हॉट्सअ‍ॅप दाखव’ म्हणणं या कलमात बसत नाही.

‘डिजिटल अरेस्ट’चा फोन आला.

असा प्रकार भारतीय कायद्यात नाही. फोन ठेवा, १९३० ला कळवा. आषाढीच्या आधी पंढरपूरच्या भक्तनिवासाच्या नावाने येणाऱ्या बुकिंगच्या लिंक आणि पीएम-किसानच्या नावाने येणारी एपीके (फोनवर अ‍ॅप बसवणारी) फाइल, दोन्हींना तोच नियम. एपीके चुकून उघडलीच तर आधी सिम काढून दुसऱ्या साध्या फोनमध्ये टाका, ओटीपी तिकडे जाऊ द्या, मग बँकेला सांगून यूपीआय बंद करा.

मी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. एका सरकारी साइटमध्ये त्रुटी सापडली. कळवली तर मलाच पकडतील का?

भीती पूर्णपणे खोटी नाही. कलम ४३ मध्ये परवानगी हा मुख्य शब्द आहे, चांगला हेतू हा आपोआप बचाव ठरत नाही. पत्त्याच्या ओळीतला क्रमांक बदलल्यावर दुसऱ्याची पावती दिसली, तर तिथेच थांबा. आणखी दहा पावत्या उघडून ‘खात्री’ करू नका, डेटा उतरवू नका, स्क्रिप्ट चालवू नका. एका स्क्रीनशॉटवर नाव-पत्ता झाकून, पायऱ्या लिहून सर्ट-इनच्या जबाबदार त्रुटी-कळवणीच्या मार्गाने पाठवा. ती संस्था संबंधित खात्याला कळवते आणि तुमच्याकडे दिनांकाची पोच राहते. दुरुस्ती होण्याआधी इन्स्टावर टाकलंत, किंवा ‘पैसे द्या मग सांगतो’ म्हणालात, तर प्रकरण खंडणीच्या बाजूला झुकतं.

पोलीस केस बाजूला ठेवून नुसती भरपाई मागता येते का?

येते. पाच कोटींपर्यंतच्या दाव्यासाठी राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव हे न्यायनिर्णय अधिकारी असतात. त्याच कायद्याच्या, म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या, कलम ४६ खाली मंत्रालयात अर्ज करायचा. सिम परस्पर दुसऱ्याला देणारी मोबाईल कंपनी, सुरक्षेत ढिलाई करणारी बँक, नोकरी सोडताना डेटा नेणारा कामगार, सगळ्यांविरुद्ध अर्ज चालतो. निकाल पटला नाही तर पंचेचाळीस दिवसांत दिल्लीच्या दूरसंचार अपील न्यायाधिकरणाकडे अपील. अर्जासोबत नुकसानाचा हिशेब जोडा: किती दिवस माग बंद राहिले, किती ऑर्डर गेल्या, डेटा परत उभा करायला किती खर्च आला, त्यांच्या बिलांसह. ‘खूप मनस्ताप झाला’ या वाक्याला आकडा लागत नाही, म्हणून त्याचे पैसेही मिळत नाहीत.